सरगर बाई कुठे बसल्या होत्या

सरगर बाईंच्या तोंडून 'सिद्ध झालं' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. सांगलीच्या आमच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या आणि मी संख्याशास्त्र. स्टाफरूमच्या एकाच खिडकीपाशी आमच्या खुर्च्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला किती तक्ते तपासायला दिले याची मोजदाद नाही. आकडे कितीही चांगले आले, तरी बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "या वेळी असं दिसलं." पोरं या वाक्याची नक्कल करायची. निकालाच्या दिवशी एकजण पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, या वेळी मी पास झालो." बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि गंभीरपणे सांगितलं, "पुढच्या वेळी पण कळव."

बाई मूळच्या जतच्या, मेंढपाळ घरातल्या. पावसाळा सरला की आईवडील मेंढरं घेऊन घाटाकडे निघायचे आणि बाई आत्याकडे शाळेसाठी राहायच्या. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. पुढे बाईंनी इंग्रजीत प्रबंध लिहिला, परिषदांमधून भाषणं केली, पण मोजायची वेळ आली की ओठ कानडीतच हलायचे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोजतानाही आमच्या कानावर हळूच ओंदू, एरडू, मूरू पडायचं. मेंढरं मोजायची त्यांच्या घरची रीत त्यांनी मला एकदा सांगितली होती. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात घेताना आई मोजायची, सकाळी सोडताना वडील. दोघांचा आकडा जुळला नाही तर कोण चुकलं यावर वाद व्हायचा नाही. परत मोजायचं, एवढंच. "लग्नानंतर मला कळलं, की लोकांच्या घरी आकडा चुकला तर भांडणं होतात," बाई म्हणाल्या होत्या. त्यांचं लग्न फार टिकलं नाही. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

अंगावर बहुतेक वेळा इलकल साडी, पायात जाड टाचेच्या चपला, खांद्यावर कापडी पिशवी. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी अशी तिखट, की इतिहासाच्या कुलकर्णी सरांनी एकदा घास घेतला आणि तो तास बुडवला. लिहायला नेहमी शाईचं पेन. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. खोडरबर आणि पांढरी शाई दोन्हींवर त्यांचा राग. "चूक केली ती दिसू दे की," म्हणायच्या. "लपवली तर मलाच वाटायला लागेल, मी केलीच नव्हती."

पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना मार्क जास्त पडतात, असं एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी ठामपणे म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी मान डोलावली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठीप्रमाणे पोरांना बाक वाटून दिले. मागच्या बाकावरचे दणकट गडी फळ्यासमोर आले, पुढच्या हुशार मुली खिडकीपाशी मागे गेल्या. सबंध सत्र त्यांनी तो वर्ग तसाच चालवला. चाचण्यांचे मार्क आम्ही दोघांनी मिळून मांडले, आणि त्यातून काहीच निघालं नाही. म्हणजे पुढे बसल्याने फरक पडतो असंही म्हणता येईना, पडत नाही असंही म्हणता येईना. पोरांनी हिरमुसून विचारलं, "बाई, मग निष्कर्ष काय लिहायचा?"

"आपल्याला माहीत नाही, असा लिहा."

सगळ्यांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत तेच लिहिलं. कोल्हापूरहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना वाटलं, पोरं चेष्टा करतायत. त्यांनी एका मुलीला दरडावलं. बाई शेजारच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाल्या, "सर, तिनं खरं लिहिलंय. पूर्ण मार्क द्या." त्या गृहस्थांनी ती वही पुन्हा उघडून वाचली. मार्क मात्र त्यांनी दिले.

बाईंचं नाव झालं होतं ते आरशामुळे. नोकरीला लागल्यावर दोन-चार वर्षांतच, मी कॉलेजात यायच्या कितीतरी आधी, त्यांनी जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात एक प्रयोग केला होता. गावात उन्हाळ्यात टँकर यायचा आणि सिमेंटची एक टाकी भरून जायचा. टाकीच्या पितळी तोट्या जुन्या होत्या, दोन-तीन वेढे घट्ट फिरवल्याशिवाय बंद व्हायच्या नाहीत. डोक्यावर एक घागर, कमरेवर दुसरी, अशा वेळी कोण वाकून वेढे मोजणार? माणसं अर्धवट फिरवून निघायची आणि पाणी ठिबकत राहायचं. बाईंनी पंधरा दिवस नुसतं मोजलं, किती जण तोटी पुरती बंद करतात ते. मग तोट्यांच्या वर, तोंडासमोर येईल असा आरसा लावला आणि आणखी पंधरा दिवस मोजलं. आरसा लागल्यावर तोट्या नीट बंद व्हायला लागल्या. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता.

बाहेरच्या एका चांगल्या नियतकालिकात तो लेख छापून आला. त्याचं शेवटचं वाक्य होतं, माणूस सर्वांत जास्त स्वतःच्या नजरेला घाबरतो. ते वाक्य सगळीकडे फिरलं. व्याख्यानांत आलं, वर्तमानपत्रांत आलं, शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत आलं. बाईंचा विद्यार्थी संजय पवार यानं त्याच विषयावर पीएच.डी. केली आणि पुढे साताऱ्याला एक संस्था काढली. ग्रामपंचायतींना बोलावून तो माणसांच्या सवयी बदलण्याची शिबिरं घ्यायचा, आणि शिबिराच्या शेवटी प्रत्येक गावाला एक आरसा द्यायचा. साताऱ्याच्या कितीतरी गावांत पाण्याच्या टाक्यांवर पवारचे आरसे लागले. बाई त्याला लेकासारखं मानायच्या. दिवाळीला तो बायकोमुलांना घेऊन सांगलीला यायचा आणि बाईंच्या पाया पडायचा.

बाईंच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना पुण्याहून एक ईमेल आला. अनघा नावाची कुणी तरुण संशोधक होती. तिनं अदबीनं लिहिलं होतं, की तुमचा प्रयोग मी दोन ठिकाणी करून पाहिला, पण मला तो फरक दिसत नाही. माझंच काही चुकत असेल. तुमच्या मूळच्या नोंदी बघायला मिळतील का?

बाईंनी तो मला वाचायला दिला. बाईंच्या विभागप्रमुखांनीही वाचला आणि ते तापले. "कालची पोरगी, आणि तुमचा प्रयोग तपासणार? उत्तरच देऊ नका."

"का बरं?" बाईंनी विचारलं. "तिनं दोनदा करून बघितलाय. मी एकदाच केलाय."

त्या संध्याकाळी मी त्यांना विश्रामबागेतल्या घरी सोडायला गेलो, तर त्यांनी मला वर बोलावून माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवायला लावली. जुन्या वह्या निघाल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. पुढचे तीन दिवस बाई कॉलेज सुटलं की झेरॉक्सच्या दुकानात उभ्या राहून एकेक पान स्कॅन करून घेत होत्या. खाडाखोडीसकट सगळ्या वह्या त्यांनी अनघाला पाठवल्या, आणि खाली लिहिलं, 'तुमचं चुकत असेल किंवा माझं. दोन्ही शक्य आहे. मीही पुन्हा करून बघते.'

मला म्हणाल्या, "जाधव सर, उन्हाळ्यात काय करताय?"

माझी बहीण सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात दिलेली आहे. तिच्या गावात टाकी होती आणि तिच्या घराच्या गच्चीवरून ती टाकी सरळ दिसायची. आम्ही तिथून सुरुवात केली. पाहुण्या बाई गच्चीत काय करतात हे कुणाला कळू नये म्हणून बहिणीनं समोर वाळवणं घातली आणि बाई पापडांच्या आड बसून मोजायच्या. आरसा लागल्यावर गावात जरा गंमत झाली. सैन्यातून सुभेदार होऊन आलेले एक आबा रोज सकाळी तिथे येऊन मिशा नीट करायचे आणि तोटी तशीच गळती ठेवून रामराम घालत निघून जायचे. बायका केसांची बट सारखी करायच्या. पाणी आधी जितकं वाया जायचं तितकंच वाया गेलं. मी तक्ता मांडला, पुन्हा मांडला. बाईंनी तो खालीवर करून बघितला आणि माझ्या बहिणीला म्हणाल्या, "पापड मात्र छान झालेत."

हे त्यांनी पवारला स्वतः फोन करून सांगितलं. मी समोर होतो. पलीकडून तो म्हणाला, "बाई, खंडाळ्याला पाण्याची कुठं तेवढी टंचाई आहे? तिथली माणसं वेगळी, तालुका वेगळा. जतची गोष्ट निराळी."

"असू शकतं," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात जतला."

जतला जायची तयारी त्यांनी वर्षभर केली. त्या गावात अजून टँकर येत होता आणि टाकीही तीच होती, फक्त तोट्या प्लॅस्टिकच्या झाल्या होत्या. बाईंनी सांगलीतली हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. शेवटी मिरजेत एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे तसल्याच जड पितळी तोट्या मिळाल्या. सरपंचांची परवानगी काढून त्या बसवल्या. आरसाही तेवढ्याच मापाचा करून घेतला. मी म्हटलं, "बाई, इतकं कशाला?"

"नंतर कुणी म्हणायला नको, तोटी वेगळी होती."

टाकीजवळचं कडुलिंबाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं होतं. सावली कुठेच नव्हती. सरपंच म्हणाले, "म्याडम, आवं उनात कशाला बसताय? हापिसात बसा की." ग्रामपंचायतीच्या खिडकीतून टाकी दिसत होती. आम्ही आत बसलो. पहिले पंधरा दिवस आरशाविना, नंतरचे आरशासह. बाई एका कागदावर मोजायच्या, मी दुसऱ्या, आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांचा कागद बघायचा नाही असं ठरलेलं. पहिल्या आठवड्यातच मला अंदाज आला होता. बाईंनाही आला असणार, पण त्या बोलल्या नाहीत. महिना संपला तेव्हा दोघांचे कागद शेजारी ठेवले. खंडाळ्याला झालं तेच इथं झालं होतं. आरशानं काहीच केलं नव्हतं.

बाईंनी दोन्ही कागद पुन्हा ओळीनं मोजले. मग म्हणाल्या, "मग त्या वेळी काय झालं होतं? मी काही खोटं लिहिलं नव्हतं सर."

"तसं कोण म्हणेल, बाई?"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? मला कळायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा गंगव्वा आली. पहिल्या प्रयोगाच्या वेळी बाई ज्यांच्या घरी उतरल्या होत्या त्या घरची ही सून. आता केस पांढरे झालेले, गुडघे धरून चालायची. बाईंना पितळीभर ताक घेऊन आली होती. दारात बसली आणि म्हणाली, "बाई, ह्या खेपंला उनात न्हाई बसला?"

"लिंब तोडला ना, गंगव्वा. सावली कुठाय?"

"व्हय. तवा तुमी लिंबाखाली बसायच्या. मांडीवर वही घिऊन. समद्या बाया म्हनायच्या, ती मास्तरीण बगतीया, तोटी नीट फिरवा गं. लय धाक हुता तुमचा."

बाईंनी ताकाची पितळी खाली ठेवली. "आणि आरसा?"

"आरसा लय चांगला हुता. कुकू बगाय बरा."

"पण आरसा लावायच्या आधीही मी मोजतच होते की."

"तवा तुमी शाळंच्या खिडकीत हुता," गंगव्वा म्हणाली. "आमाला वाटायचं, शाळंच्या कामाला आल्यात. लिंबाखाली आला तवा कळलं, आमच्यासाटनं बसल्यात."

बाईंनी पिशवीतून जुनी वही काढली. ती त्यांनी प्रवासात बरोबर ठेवली होती. पानं उलटत त्या एका जागी थांबल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. समासात बारीक अक्षरात होतं, 'शाळेला रंग द्यायला घेतला. वासानं डोकं दुखतं. आजपासून लिंबाखाली.' त्याच पानावर, दोन ओळी खाली, आरसा लावल्याची नोंद होती.

आरसा आणि बाई एकाच दिवशी टाकीजवळ गेल्या होत्या. छापलेल्या लेखात आरशाचं माप होतं, तोट्यांचं वर्णन होतं, टँकरच्या वेळा होत्या. मोजणारी कुठे बसली होती ते नव्हतं. नोंद वहीत होती, मीही ती वाचली होती, पुण्याच्या अनघानंही वाचली असणार. रंगाच्या वासाकडे कोण लक्ष देणार?

"आरसा काढून आणखी पंधरा दिवस मोजायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "ते तेव्हाही मला माहीत होतं. पण सुट्टी संपत आली होती. आणि ते वाक्य सुचलं होतं ना. चांगलं वाक्य सुचलं, की माणूस तपासायचं थांबतो."

मग पितळी उचलून त्यांनी सगळं ताक एका दमात संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता गंगव्वाचं तरी लगेच खरं कशाला धरायचं? तेही एकीचंच म्हणणं आहे. सामान सोडा, सर."

आम्ही आणखी काही आठवडे राहिलो. मी घरी फोन करून सांगितलं तेव्हा बायको फक्त हसली. आता आरसा आणि बाई यांची फारकत केली. काही दिवस आरसा असायचा आणि आम्ही आत. काही दिवस आरसा काढलेला आणि बाई टाकीसमोर छत्री उघडून बसलेल्या, मी खिडकीत. काही दिवस दोन्ही, काही दिवस दोन्ही नाहीत. कुठल्या दिवशी काय, ते सकाळी चिठ्ठी टाकून ठरायचं. जतच्या त्या उन्हात साठीकडे झुकलेली बाई काळ्या छत्रीखाली बसून असायची. बाई बसल्या, की तोट्या पुरत्या फिरायच्या. बाई उठल्या, की ठिबकायच्या. आरसा असो की नसो.

शेवटचा तक्ता मी त्यांच्या हातात दिला. वाटलं होतं, आता तरी त्या 'सिद्ध झालं' म्हणतील. चष्मा कपाळावर गेला. "या वेळी असं दिसलं," त्या म्हणाल्या.

पवारला सांगणं हे त्यांना सगळ्यात जड गेलं. फोनवर नको म्हणाल्या. आम्ही साताऱ्याला त्याच्या संस्थेत गेलो. भिंतीवर मोठ्या अक्षरात बाईंचंच वाक्य रंगवलेलं होतं. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बाई, आरसे लावले म्हणून कुणाचं वाईट झालं का? पाणी वाचतंयच ना?"

"वाचतंय का?"

"लोक सांगतात तसं."

"लोकांनी मलाही सांगितलं होतं, संजय."

तो उठून खिडकीशी गेला. तिथूनच म्हणाला, "माझी पंधरा वर्षं आहेत यात. तुम्ही हे छापलंत तर मी कुठल्या तोंडानं गावात जाऊ? तुम्ही निवृत्त व्हाल. माझं काय?"

बाईंनी हातातली बशी टेबलावर ठेवली. "चूक माझी आहे. मी तसंच लिहिणार आहे. तुझं नाव मी कुठेही घेणार नाही. पण लिहिणार."

"तुम्ही मला शिकवलंत हे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

"हो," बाई म्हणाल्या. "तीही माझीच चूक. तू तपासायला हवं होतंस, आणि मी तुला तसं सांगायला हवं होतं. तुला मी ते वाक्यच शिकवलं."

पवार आम्हाला दारापर्यंत सोडायला आला नाही. परतीच्या बसमध्ये बाईंनी डबा उघडला, पुन्हा बंद केला. कराडला म्हणाल्या, "त्याच्या मुलीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात असतो. या वर्षी बोलावणार नाही." बोलावलं नाहीच. दिवाळीलाही तो आला नाही.

लेख लिहून झाला. अनघाचं नाव पहिलं आणि आपलं दुसरं, हा आग्रह बाईंचा. पण तो पाठवायच्या आधी त्या म्हणाल्या, "ज्यांच्यावर लिहिलं त्यांना आधी सांगू." एका रविवारी आम्ही पुन्हा त्या गावात गेलो, अनघाही पुण्याहून आली होती. मारुतीच्या देवळापुढे पंचवीस-तीस बायका आणि थोडे पुरुष जमले. बाईंनी उभं राहून सांगितलं, आधी मराठीत, मग तेच कानडीत. की मी तुमच्याबद्दल एक गोष्ट जगाला सांगितली होती, ती चुकीची निघाली. तुम्ही आरशाला बघून पाणी वाचवत नव्हता, मला बघून वाचवत होता. माझ्या ते लक्षात आलं नाही, गंगव्वाच्या आलं.

गंगव्वानं पदर तोंडाला लावला. मग मागून एका बाईनं विचारलं, "मग आता आरसा काडायचा व्हय?"

"तुमची मर्जी."

"ऱ्हाऊ द्या की. त्यो काय खातोय आमचं?"

सगळ्या हसल्या. सरपंच उठले आणि त्यांनी टँकरच्या खेपांचा विषय काढला, आणि पुढचा तासभर गाव त्यावर बोलत राहिलं. बाई खाली बसून ऐकत होत्या. इतक्या हलक्या चेहऱ्यानं बसलेल्या त्यांना मी फार दिवसांनी बघत होतो. अनघा माझ्या कानाशी म्हणाली, "सर, मी तो ईमेल पाठवायला दोन महिने घाबरत होते." मी तिला बाईंकडे बोट दाखवून म्हटलं, "त्यांना सांगा." तिनं सांगितलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही.

ज्या नियतकालिकात पहिला लेख आला होता त्यांनी हा दुसरा सहजासहजी घेतला नाही. जुन्या गोष्टींत वाचकांना रस नसतो, असं काहीतरी कळवलं. बाईंनी पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मागच्या पानांत, बारीक टायपात तो आला. पहिल्या लेखाइतका तो कुणी वाचला नाही. ते वाक्य आजही मला कुठे ना कुठे भेटतं. परवाच एका सभागृहाच्या भिंतीवर बघितलं.

बाईंच्या निवृत्तीच्या समारंभाला पवार आला नव्हता. त्यानंतर काही महिन्यांनी मी बाईंकडे बसलेलो असताना त्याचा फोन आला. बाईंनी नाव बघितलं, क्षणभर फोन तसाच वाजू दिला, मग उचलला. त्या फक्त ऐकत होत्या. मधूनच "हं," "किती गावं?" "लांबून बसतोस ना?" असं म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घाई करू नकोस. आणि जेवायला ये." फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "मोजायला बसलाय." पुढे त्यानं गावोगावी जाऊन स्वतः सांगितलं, की आरशानं काही होत नाही. काही ग्रामपंचायतींनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. काहींनी बोलावलं. भिंतीवरचं वाक्य त्यानं पुसलं, असं ऐकलं. बाई वारल्या तेव्हा सगळ्यांत आधी जतला पोचला तो पवार.

निवृत्तीनंतर बाई जतलाच राहायला गेल्या होत्या, चुलतभावाच्या शेजारी दोन खोल्यांच्या घरात. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. बाई घरी नव्हत्या. चुलतभावाची सून अंगणवाडी चालवायची, ती म्हणाली, "आत्या माळावर हायत. गाडी शिकत्यात."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माळावर गेलो तर बाई खरंच स्कूटीवर होत्या. डोक्याला हेल्मेट, इलकलचा पदर कमरेला खोचलेला, दोन्ही पाय दोन बाजूंना जमिनीपासून वीतभर वर धरलेले. मला बघून थांबल्या, म्हणजे थांबायचा प्रयत्न केला आणि एका बाभळीच्या अलीकडे थांबल्या. कोपराला खरचटलेलं होतं.

"बाई, आता कशाला हे?"

"बाजारात जायला रिक्षावाल्याची वाट बघत बसावं लागतं," त्या म्हणाल्या. "आणि मला वाटायचं, मला जमणार नाही. ते एकदा बघायचं होतं."

आम्ही चहा घेतला, अनघाची पत्रं त्यांनी वाचून दाखवली, चटणीची पुडी बांधून दिली. माझी बस मोठ्या रस्त्यावरून होती. बाईंना त्याच वाटेनं दळण आणायला जायचं होतं. मी म्हटलं, मी चालत जातो, तुम्ही व्हा पुढे. त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाल्या, "सर, मला हात हलवता येणार नाही, आधीच सांगते. हात सुटला की गाडी वाकडी जाते. निरोप तुम्हीच द्या."

गाडी सुरू झाली. आधी जरा डुगडुगली, मग सरळ झाली. दोन्ही बाजूंना ज्वारी होती आणि मधून तो कच्चा रस्ता. बाई अगदी सावकाश चालल्या होत्या, पाठ ताठ, नजर समोर. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात वर केला. त्यांना मागे बघता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी त्या वळणावर ज्वारीआड जाईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.